मनाली–लेह रस्ता: कुठे थांबायचं, कुठे वळायचं आणि कुठे झोपायचं नाही

प्रश्न थोडक्यात असा: जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात स्वतःची पेट्रोल गाडी घेऊन पाच जण मनालीहून लेहला जाणार, त्यात साठीपुढचे आई-वडील आणि अकरा वर्षांची मुलगी. परतीचा रस्ताही तोच. जाताना चंद्रताल तळं, सरचूला तंबूत एक रात्र आणि वाट वाकडी करून त्सो मोरिरी सरोवर, असं सगळं बसेल का? आणि वाटेत थांबण्यासारखं आणखी काय आहे?

आधी उत्तर. चंद्रताल या प्रवासातून काढून टाका. सरचूचा तंबू आणि त्सो मोरिरी ठेवा, पण येताना. जाताना दोन्ही नकोत. खालचं सगळं हे असं का, एवढ्यासाठीच आहे.

या रस्त्यावर नियोजन दोनच गोष्टींवर होतं: रात्री किती उंचीवर झोपणार आणि रस्त्यातून वाहणाऱ्या बर्फाच्या पाण्याच्या नाल्यांवर किती वाजता पोचणार. मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे. अटल बोगद्यापलीकडचं लाहौल, म्हणजे सिस्सू, केलाँग, जिस्पा, ३,१०० ते ३,२०० च्या आसपास. तिथवर ठीक. पण झिंगझिंगबारपासून पार रुमत्सेपर्यंत, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, रस्ता चार हजार मीटरच्या खाली उतरतच नाही. सरचू ४,२९० मीटर. कळसूबाईची उंची १,६४६, म्हणजे अडीचपटीहून जास्त. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. जिस्पाहून सरचू म्हणजे एका दिवसात अकराशे.

बरं, सरचूची खरी अडचण नुसती उंची नाही, जागा आहे. विरळ हवेच्या आजारावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं. आणि सरचूहून खाली उतरायला आधी वर चढावं लागतं. मागे बारालाचा ला (‘ला’ म्हणजे खिंड) सुमारे ४,८९०, पुढे नकी ला, लाचुंग ला, तांगलांग ला. रात्री दोन वाजता आईला उलट्या सुरू झाल्या आणि डोकं ठणकायला लागलं, तर गाडी वळवायची कुठे? त्या सपाट, सुंदर मैदानात माणूस सापळ्यात सापडल्यासारखा असतो. तंबूवाले प्राणवायूचं नळकांडं देतात, त्याने तास-दोन तास निभतात, रात्र निभेलच असं नाही.

म्हणून जाताना: मनाली, मग केलाँग किंवा जिस्पाला दोन रात्री, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे निघून थेट लेह. लेह ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे दिवसभर पाच हजारांच्या वर-खाली करूनही रात्री झोपायची उंची तीनशे मीटरनेच वाढते. दिवस लांबलचक होतो, जिस्पा ते लेह ३४० किलोमीटरच्या आसपास आहे. दोन चालक असतील तरच हे करा.

आता थांबे.

मनालीतून सातच्या आत निघा. अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला आणि त्याने ४६ किलोमीटर वाचवले. पण त्यामुळेच मनालीतली निम्मी गर्दी आता सिस्सूला एका दिवसात जाऊन येते. नऊनंतर बोगद्याच्या अलीकडे रांग लागते. रोहतांगला जायचं तर वेगळा परवाना, मर्यादित गाड्या आणि अख्खा दिवस; पुढे तुम्ही त्याहून उंच चार खिंडी ओलांडणार आहात, तेव्हा सोडून द्या.

सिस्सूचा धबधबा रस्त्यावरूनच, चंद्रा नदीच्या पलीकडे दिसतो. तळ्याकाठी झिपलाइन, गाणी, भुट्टे. दहा मिनिटं पुरतात. त्यापेक्षा पुढे गोंधला गावात उतरा. तिथला ठाकुरांचा जुना बुरूजवजा वाडा दगड आणि लाकडी तुळया यांचे थर आलटूनपालटून रचून बांधला आहे. भूकंपात अशी भिंत तडकण्याऐवजी थोडी हलते. आत सोडतीलच असं नाही, पण बाहेरून थर मोजण्यासारखे आहेत, आणि नदीपलीकडचा कडा मान दुखेपर्यंत उंच.

तांडीला चंद्रा आणि भागा मिळतात आणि तिथून पुढे ती चिनाब. दोन्ही नद्या निघतात बारालाचाच्याच दोन अंगांनी आणि वेगवेगळ्या दऱ्यांतून वळसे घेऊन इथे भेटतात. परवा तुम्ही भागाच्या उगमाशी उभे असाल. उतरून संगम बघा, पण त्याआधी पंप. तांडीला टाकी काठोकाठ भरायची. लेहच्या बाजूचा भरवशाचा पंप थेट कारूला, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. उंचीवर पहिल्या-दुसऱ्या गिअरचं चालणं फार असतं, म्हणून मायलेज नेहमीपेक्षा पाचवा हिस्सा कमी धरा. पंधराचं बारा झालं तर ४२ लिटरच्या टाकीत पाचशे किलोमीटर. जाताना भरपूर. येताना त्सो मोरिरीच्या वळशात मात्र कारू ते तांडी पाचशेच्या वर जातात, तेव्हा कारूहून निघताना पंधरा लिटरचा धातूचा कॅन सोबत हवाच. पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल नेऊ नका. वर हवेचा दाब कमी, बाटली फुगते आणि झाकणातून पाझरते. वेफर्सची पाकिटं बारालाचापर्यंत उशीसारखी टम्म होतात, त्यावरून अंदाज येईल. टायरचंही थोडं तसंच. पाच हजार मीटरवर मापात तीन-चार पीएसआय जास्त दिसतात, पण थंडीमुळे त्यातले काही आपसूक कमी होतात. मध्येच हवा काढत बसू नका.

मधला दिवस, म्हणजे लाहौलमधला दुसरा. तो आरामाचा आहे, पण लोळायचा नाही. सकाळी केलाँगसमोर भागाच्या पलीकडच्या डोंगरावरचा कार्दांग गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ. गाडीने तांडीच्या बाजूने पूल ओलांडून जायचं. उंची साडेतीन हजारांच्या आसपास, चढ थोडा, आई-वडिलांना झेपेल. दुपारी जिस्पाहून दारचा ओलांडून दीपक तालपर्यंत जाऊन या. ३,८०० च्या आसपास आहे. तळ्याला एक सावकाश फेरी, अर्धा तास, आणि परत खाली जिस्पाला. वर जाऊन यायचं, झोपायचं खाली. याने शरीराला जी सवय लागते ती कुठल्याही कापराच्या पुडीने लागत नाही. (कापूर हुंगल्याने प्राणवायू वाढत नाही. बरं वाटतं, एवढंच.)

विरळ हवेच्या त्रासावरच्या गोळीबद्दल: अ‍ॅसिटाझोलामाइड मोठ्यांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाबाच्या चालू गोळ्या असतील तर आपल्या डॉक्टरांना आधी दाखवा, आणि मुलीचा डोस बालरोगतज्ज्ञांनीच ठरवायचा. गोळीने लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात, त्याला घाबरू नका. ऑक्सिमीटरला मात्र भिऊन लोक सहल वाया घालवतात. सव्वाचार हजारांवर ८०–८५ आकडा बऱ्याच धडधाकट माणसांचाही येतो. आकडा बघू नका, माणूस बघा. डोकेदुखीबरोबर मळमळ, गरगर किंवा गळून गेल्यासारखं वाटत असेल तर तिथून वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप, खोकला, किंवा सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावून चालताना तोल जाणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच खाली, रात्र असली तरी.

तिसरा दिवस. जिस्पाहून पावणेपाचला निघा. दारचाच्या पोलीस चौकीत गाडी आणि माणसांची नोंद होते. ओळखपत्रं वरच्या कप्प्यात ठेवा. एवढी घाई नाल्यांमुळे. रात्री बर्फ वितळायचं थांबतं, म्हणून पहाटे पाणी घोट्याएवढं असतं. ऊन चढलं की वरचं पाणी खाली पोचायला काही तास लागतात आणि दुपारनंतर तोच ओढा मांडीपर्यंत येतो. बराच रस्ता आता पुलांवरून आणि डांबरी आहे, पण बारालाचाच्या दोन्ही अंगांना डांबर वाहून गेलेले तुकडे दरवर्षी नव्याने तयार होतात.

ओढा ओलांडताना आधी थांबायचं. ट्रक येऊ द्यायचा आणि त्याची चाकं कुठून जातात, पाणी कुठवर चढतं ते बघायचं. चाकाच्या मध्याच्या वर पाणी असेल तर तुमच्या गाडीचं ते काम नाही. जायचं ठरलं तर एसी बंद, पहिला गिअर, पाय क्लचवर नाही, आणि एकसारखा हलका अ‍ॅक्सिलरेटर. मध्येच गिअर बदलला की सायलेन्सरमध्ये पाणी. काठावर उभं राहून कान द्या: तळातून गोटे एकमेकांवर आपटल्याचा गडगड आवाज येत असेल, तर प्रवाह दगड वाहून नेतोय, गाडीलाही नेईल. पलीकडे गेल्यावर दोन-तीनदा ब्रेक हलकेच दाबून लायनर वाळवून घ्या.

सूरज ताल सातच्या सुमारास यावा. इथूनच भागा निघते. जुलैत कडेला बर्फाचे तुकडे आणि मध्ये हिरवट निळं पाणी. वारा सुटण्याआधी डोंगराचं प्रतिबिंब मिळतं, आठनंतर सहसा नाही. फोटो रस्त्यावरूनच चांगला येतो. उतरून पाण्यापर्यंत गेलात तर परतीचे ते पन्नास पावलं चढताना छाती भात्यासारखी चालेल. दहा मिनिटं, बस्स. पुढे खिंड, मग भरतपूरचे तंबू. चहा तिथे घ्या. इतक्या वर पाणी ८३–८४ अंशांनाच उकळतं, म्हणून चहा कोमट लागतो आणि भात कुकरशिवाय शिजत नाही. राजमा-चावल मागितलात आणि कुकरची शिट्टी ऐकू आली नाही, तर मॅगी घ्या.

सरचूपाशी हिमाचल संपून लडाख सुरू होतं. डावीकडे नदीने कापलेल्या मातीच्या उभ्या भिंती आणि सुळके आहेत. गाडी रस्त्यालगत लावून काठाकडे चार पावलं जा, पण कड्याच्या टोकावर नको, खालची माती पोकळ असते.

गाटा लूप्स म्हणजे २१ वळणं, साडेचारशेहून जास्त मीटर चढ. वरची गाडी खाली येताना दिसत असते; चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हा डोंगरातला नियम इथे सगळे पाळत नाहीत, म्हणून वळणाआधी हॉर्न. वळणं सोडून सरळ चढणारे कच्चे शॉर्टकट दिसतील, त्यात जाऊ नका. भुसभुशीत मातीत चाक फिरलं की क्लच जळतो, आणि तिथे क्लचप्लेट बदलून देणारं कुणी नाही. साध्या पेट्रोल इंजिनाला पाच हजारांवर हवा निम्म्याहून थोडीच जास्त मिळते. गाडी ओढत नाही म्हणजे बिघडली असं नव्हे. इंजिन तापलं तर सावकाश थंड होऊ द्या, रेडिएटरचं झाकण उघडू नका. एका वळणावर बाटल्यांचा ढीग दिसेल. तहानेने मेलेल्या ट्रकच्या क्लीनरची दंतकथा आहे, त्याच्यासाठी लोक पाणी ठेवतात. श्रद्धा समजते, पण त्या प्लास्टिकचं तिथे काहीच होत नाही. ठेवायचंच असेल तर पाणी मातीत ओता आणि बाटली गाडीत टाका.

नकी ला, लाचुंग ला, आणि मग पांगकडे उतरणारी घळ. या सबंध रस्त्यातलं सर्वांत दुर्लक्षित दृश्य मला विचाराल तर हेच. लोक इथे डोकं धरून मागच्या सीटवर पडलेले असतात. वाऱ्याने आणि पाण्याने कोरलेले विटकरी मनोरे, कांगला जलजवळची आरपार नैसर्गिक कमान. पुढच्या सीटवर मुलीला बसवा. पांगला जेवण आणि लघुशंका. इथे लष्कराचा तळ आहे आणि गरजेला वैद्यकीय मदत मिळते, हे लक्षात असू द्या.

पांगहून थोडा चढ चढला की मोरे मैदान. चाळीसेक किलोमीटर सरळ, ४,७०० मीटरवर. रस्ता चांगला म्हणून लोक शंभरने हाकतात आणि मध्येच डांबराला पडलेल्या लाटेवर गाडी उडते. साठ ठेवा. कडेला चांगपा मेंढपाळांचे याकच्या केसांचे काळे तंबू, पश्मिन्याच्या शेळ्या, आणि नशीब असलं तर कियांग, म्हणजे तिबेटी रानगाढवं. त्यांच्यामागे गाडी घालणारे महाभाग असतात. इतक्या विरळ हवेत पळवलेल्या जनावराची दमछाक होते, शिवाय चाकोऱ्या गवतावर वर्षानुवर्षं राहतात.

तांगलांग ला ५,३२८ मीटर. पाटीशी फोटो, पाच मिनिटं, निघा. उतारावर दुसरा-तिसरा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. रुमत्सेला पहिलं हिरवं शेत दिसतं, जवाचं. ग्या ही लडाखमधल्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक, वर खडकावर गोम्पा. तिथून मिरू आणि उपशीपर्यंतची घळ जांभळ्या, हिरव्या, तांबड्या पट्ट्यांची आहे. भारतीय भूखंड आशियाला भिडला त्या सांध्याजवळ साचलेल्या गाळाचे हे थर. आडवे साचलेले, आता उभे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रंग सुटून दिसतात, आणि तुम्ही पावणेपाचला निघाला असाल तर नेमके त्याच वेळी इथे याल. फक्त घळीत, दगड पडलेले दिसतात तिथे, थांबू नका. उपशीला सिंधू, मग लेह ४९ किलोमीटर. हेमिस, ठिकसे, शे त्या दिवशी नकोत. लेहमध्ये दोन दिवस विसावल्यावर अर्ध्या दिवसात होतात.

जिस्पा सोडलं की उपशीपर्यंत फोन बंद असं धरून चाला. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड कार्डं चालत नाहीत, निदान एक पोस्टपेड हवं. आणि दुसऱ्या कुणी भाड्याच्या गाडीने जायचा विचार करत असेल तर: बाहेरच्या भाड्याच्या गाड्यांना लेहच्या आसपासच्या स्थलदर्शनाला स्थानिक टॅक्सीवाले फिरू देत नाहीत. तुमची स्वतःच्या नावाची, नोंदणीपुस्तकासकट, चालते.

चंद्रतालला नकार का, तेही सांगतो. ग्रांफूहून बातलपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर चार-पाच तास खातात, दगडगोट्यांतून आणि ओढ्यांतून. तळं ४,२५० च्या आसपास. जाऊन-येऊन एका दिवसात दमछाक, आणि मुक्काम केला तर मनालीनंतरची पहिलीच रात्र सव्वाचार हजारांवर. स्पितीच्या वेगळ्या सहलीत, किन्नौरकडून चढत आलात तर तेच तळं शेवटी आरामात होतं.

आता परतीचा रस्ता, आणि आडवाटांची खरी मजा इथे आहे, कारण आता शरीर तयार आहे. लेहला निदान चार रात्री झाल्यावर: लेह, उपशी, सिंधूकाठाने चुमाथांग, माहेचा पूल, सुमदो, कोरझोक. सुमारे २२० किलोमीटर. पर्यावरण शुल्क लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर भरून पावतीच्या तीन-चार प्रती ठेवा, चौकीवर कागद मागतात. चुमाथांगला नदीच्या अगदी कडेला उकळतं पाणी उसळतं. हात घालून बघू नका. त्सो मोरिरी साडेचार हजारांवर, २००२ पासून रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतलं. काठावर तंबू ठोकायला आणि गाडी उतरवायला मनाई आहे, राहायचं कोरझोक गावात. दुपारी दोननंतर वारा सुटतो आणि पाण्याचा रंग जातो, तेव्हा पोचल्या दुपारी बघण्यापेक्षा रात्र काढून पहाटे बघणं चांगलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला निघून पुगामार्गे. पुग्यात वाफा, गंधकाचा वास, बोरॅक्सचा पांढरा थर. झऱ्यांचं पाणी ८४ अंशांपर्यंत, म्हणजे तिथला उत्कलनबिंदूच. मळलेल्या पायवाटेवरूनच चाला, कडेचा थर पातळ असतो आणि खाली गरम चिखल. पुढे पोलोकोंगका ला ओलांडून त्सो कार. हे आणि आपलं लोणार एकाच वर्षी, २०२० मध्ये, रामसर यादीत आले, दोन्ही खारी. पण लोणार विवरात, हे उघड्या पठारावर, कडेला मिठाची पांढरी चादर. काळ्या मानेचे क्रौंच इथे वीण घालतात, दुर्बीण न्या आणि लांबूनच बघा.

गाडी फसते ती नेमकी इथेच. काठ वाळलेल्या पापडासारखा टणक, तडे गेलेला दिसतो. बुटाच्या टाचेने दाबलं की खाली करडा, शेणासारखा मऊ चिखल वर येतो. चाक त्यात शिरलं की इंजिन रेटू नका, प्रत्येक फेरीला गाडी इंचभर खाली जाते. चाकांची हवा अठरा पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांमागे रबरी मॅट किंवा सपाट दगड घाला, माणसं उतरवा आणि आल्या चाकोरीनेच मागे काढा. हवा परत भरायला १२ व्होल्टचा पंप गाडीत असला पाहिजे.

डेब्रिंगला मुख्य रस्त्याला लागलात की पांग, लाचुंग ला, गाटा लूप्स उलट्या क्रमाने. सरचूला चार वाजले असतील तर बारालाचाचे नाले भरात असणार. तेव्हा इथेच तंबू घ्या. काल साडेचार हजारांवर झोपलेल्या माणसाला सरचू म्हणजे खाली उतरणं आहे. पाय पसरून चांदण्या बघा. पहाटे निघालात की दुपारपर्यंत तांडी, आणि तिथून मनालीकडे न वळता उजवीकडे पट्टण खोऱ्यात त्रिलोकनाथला जा. एकाच मूर्तीला हिंदू शिव म्हणून आणि बौद्ध अवलोकितेश्वर म्हणून पूजतात. पुढे उदयपूरला मृकुला देवीच्या देवळातलं लाकडी कोरीवकाम बघा, त्यासाठी टॉर्च हवा. आतला प्रकाश अगदी मंद आहे. मुक्काम उदयपूर किंवा केलाँगला. उरलेलं पेट्रोल कॅनमध्ये तसंच ठेवू नका, तांडीच्या आधी टाकीत ओतून टाका.